हिच्यासाठी धरलेली जागा

६ नोव्हेंबर, गुरुवार

ही वही खरं तर हिची. डॉक्टरीणबाईंनी दिली आणि मनात येईल ते रोज लिहा म्हणाल्या. हिने घेतली, पिशवीत घातली आणि घरी आल्यावर फ्रिजवर ठेवून दिली. तेव्हापासून तिथेच पडून आहे. चांगली जाड पुठ्ठ्याची वही, वाया कशाला घालवायची, म्हणून मी घेतली. भोगलं काय एकट्या हिनेच? मीही त्याच जहाजावर होतो.

झालं ते आधी लिहून टाकतो म्हणजे घोळ नको. आमच्या लग्नाला तीस वर्षं झाली म्हणून मुलीने आणि जावयाने आम्हाला जहाजाची सहल भेट दिली. मी नकोच म्हणत होतो. आमची लाँड्री आहे. लाँड्री बंद ठेवली की गिऱ्हाईक दुसरं दुकान शोधतं, आणि एकदा शोधलं की आपण त्याला परत दिसत नाही. पण ही हट्टालाच पेटली. तीस वर्षांत पहिल्यांदा म्हणाली, मला जायचंय. गेलो. सुरुवातीचे दिवस झकास गेले, खोटं कशाला बोलू. मग एका दुपारी, जेवणं उरकून लोक खुर्च्यांवर पसरलेले असताना, जहाज एका बेटाच्या फार जवळून गेलं आणि पाण्याखालच्या खडकाला घासलं. आवाज फार मोठा नव्हता. शेजारच्या खोलीत कुणी लोखंडी कपाट ओढावं तेवढाच. मग जहाज एका अंगाला कललं आणि कलतच गेलं. बरीच माणसं गेली. आकडा पेपरात येतो, मी वाचत नाही.

आम्ही दोघंही वाचलो. मी होडीतून आणि ही पाण्यातून. हिला मच्छीमारांनी ओढून घेतलं.

तर आता मूळ मुद्दा. ही बोलत नाही. मुकी झाली असं नाही. गिऱ्हाइकांशी बोलते, फोनवर मुलीशी बोलते, भाजीवाल्याशी हुज्जत घालते. फक्त माझ्याशी बोलत नाही. दिवसातून शंभर वेळा 'अहो' करणारी बाई ही. अहो ऐकलंत का, अहो चष्मा डोक्यावरच आहे तुमच्या, अहो पाय पुसून या. मी वैतागून म्हणायचो, जरा माझं नाव रजेवर पाठव. बंदरावर ही ब्लँकेट पांघरून बसलेली दिसली तेव्हा मी रडतच धावलो. हिने मान वर करून माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा खाली घातली. तेव्हापासून एकदाही 'अहो' नाही. धक्का बसलाय, होईल हळूहळू, असं सगळे म्हणतात. मला दुसरं काही नको. एकदा 'अहो' म्हणावं.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

आज दुकान उघडलं. पैलवान आधीच येऊन शटरपाशी उभा होता. पैलवान म्हणजे आमचा इस्त्रीवाला, फुंकर मारली तर उडेल असा, म्हणून हे नाव. त्याने वाफेची इस्त्री तापवली, हिने काउंटर पुसला, मी हँगर मोजत बसलो. जुनं सगळं जागच्या जागी पाहून बरं वाटलं.

गिऱ्हाईक मात्र कपडे द्यायला कमी आणि ऐकायला जास्त. सकाळपासून तेच तेच सांगून माझा घसा बसला, पण लोकांना नाही कसं म्हणायचं? सांगायचं म्हणजे आधी आमची पद्धत सांगावी लागते. लग्न झाल्यापासूनची पद्धत आहे. बस असो, आगगाडी असो, लग्नाचा हॉल असो, दवाखाना असो, मी पुढे पळायचं आणि जागा धरायची, हिने मागून सामान घेऊन यायचं. या कामात माझा हात धरणारा कुणी नाही. माझे सासरे सगळ्यांना सांगायचे, जावई दिसायला बेताचाच आहे, पण माझ्या मुलीला कधी उभं राहू देणार नाही.

तर जहाजावर भोंगा झाला, लोक सैरावैरा धावायला लागले, तेव्हा मी हिला म्हटलं, तू खोलीतून तुझ्या गोळ्या घे नि ये, मी पुढे होतो. ही नेहमीसारखी 'बरं' म्हणाली. मी धक्के खात होडीत चढलो, कडेची जागा मिळवली, अंगातला मोहरी रंगाचा स्वेटर काढला आणि शेजारी ठेवला. हिनेच विणलेला आहे तो. एक आडदांड माणूस त्यावर बसायलाच लागला होता, त्याला असा काही ओरडलो की तो मागे सरकून दुसऱ्या कुणाच्या मांडीवर बसला. मग एक म्हाताऱ्या बाई आल्या. हातात काठी, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला. त्यांनी एक पाय होडीत टाकलासुद्धा होता. मी म्हटलं, इथे माणूस येतंय. 'बरं बरं' म्हणाल्या आणि पाय मागे घेतला. चांगल्या घरच्या असाव्यात, आजकाल इतकं सरळ कोण ऐकतं. तेवढ्यात जहाज आणखी कललं आणि खलाशांनी होडी सोडली. मी जीव तोडून ओरडत होतो, थांबा, माझी बायको येतेय. कोण ऐकतो? पण होडी किनाऱ्याला लागेपर्यंत ती जागा मी कुणाला दिली नाही.

इथपर्यंत आलं की बायका पदर, रुमाल, मिळेल ते डोळ्याला लावतात. शिंपीणबाई म्हणाल्या, असा नवरा मिळायला भाग्य लागतं. ही काउंटरच्या त्या टोकाला कपड्यांना चिठ्ठ्या टाचत होती. टाचणी बोटात घुसली आणि पांढऱ्या शर्टावर रक्ताचा ठिपका पडला. हिने लगेच गार पाण्याने काढला. रक्ताला गरम पाणी लागलं की डाग बसतो, हे मला हिनेच शिकवलंय.

१० नोव्हेंबर, सोमवार

आज हिचे दंड पाहिले. हल्ली पूर्ण बाह्यांचेच कपडे घालते. डाग काढायला बाही वर केली तेव्हा दिसलं. डाव्या दंडावर हिरवे-पिवळे वळ, चार एका बाजूला आणि एक दुसऱ्या बाजूला. मच्छीमारांनी दोर टाकून ओढलं असणार, त्याचेच असतील. मी म्हटलं, अगं, मलम लावून देऊ का? हिने बाही खाली केली.

मोठ्या टबात हात घालत नाही. पाण्यात बुडलेले कपडे वर काढायचे असले की पैलवानाला हाक मारते. ते समजू शकतो. मला न समजलेलं एकच. परत आल्यावर अंगावर होते तेवढे आमचे सगळे कपडे हिने धुतले, माझ्या मोज्यांसकट. फक्त तो मोहरी स्वेटर टोपलीच्या तळाशी तसाच आहे. होडीत उडालेल्या खाऱ्या पाण्याने कडक झालाय. मी दोनदा वर काढून ठेवला, दोन्ही वेळा पुन्हा तळाशी गेला. शेवटी पैलवानाकडून धुऊन घेतला.

मोठ्या चादरींची घडी आमची दोघांची असायची. हिने दोन टोकं धरायची, मी दोन, जवळ यायचं, टोकं जुळवायची, पुन्हा लांब व्हायचं. आता ही पैलवानाला धरायला लावते. मी रिकामा उभा असलो तरी. पैलवान बिचारा माझ्याकडे बघून कानकोंडा होतो.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

डॉक्टरीणबाईंकडे गेलो होतो. हिच्याबरोबर मीही आत गेलो, दार लावून घेतलं, तर म्हणाल्या, तुम्ही बाहेर बसा. मी म्हटलं, आमच्यात लपवाछपवी काही नाही. हसल्या आणि तरी म्हणाल्या, बाहेर बसा. तासभर बाहेर माशांचं भांडं बघत बसलो. आतून हिचा आवाज येत होता, शब्द कळत नव्हते. म्हणजे बोलते. पगारी बाईशी तासभर बोलते आणि मी नवरा असून भिंतीला कान लावून बसतो.

निघताना मी डॉक्टरीणबाईंना विचारलंच. त्या म्हणाल्या, तुम्ही ती गोष्ट रोज सांगता का? मी म्हटलं, लोक विचारतात. त्या म्हणाल्या, बायकोसमोर थोडे दिवस नाही सांगितली तर? मी हो म्हटलं. रस्ताभर विचार करत होतो. सांगू नको म्हणजे काय? त्या सगळ्या अभद्र प्रकारात एक तेवढीच तर गोष्ट आहे जी मी नीट केली. बाकी तर काय, ही पाण्यात आणि मी कोरडा. निदान मी प्रयत्न केला, हे तरी सांगू नये का माणसाने?

१९ नोव्हेंबर, बुधवार

मुलीचा फोन. रोज येतो, पण रोज रडते. तिला वाटतं तिच्यामुळे झालं, तिने तिकिटं काढली म्हणून. मी म्हटलं, अगं, खडक काय तू नेऊन ठेवलास? ती हसेल म्हणून म्हटलं. हसली नाही. मग तिला धीर यावा म्हणून म्हटलं, तुझ्या आईसाठी मी शेवटपर्यंत जागा धरून होतो बघ. आजवर तिला हे सविस्तर सांगितलंच नव्हतं. ती ऐकत होती. म्हाताऱ्या बाईंपर्यंत आलो तेव्हा तिने मध्येच विचारलं, "बाबा, मग त्या आजी कुठे बसल्या?"

मी म्हटलं, दुसऱ्या होडीत बसल्या असतील. ती म्हणाली, त्या बाजूला दुसरी होडी उतरलीच नाही ना, बातम्यांत सांगत होते. मी म्हटलं, तू तिकडे होतीस का मी? जरा रागानेच म्हटलं. तिने फोन ठेवला.

जेवण गेलं नाही. मोठं जहाज होतं, माणूस इकडून तिकडे जाऊ शकतो. काठी असली म्हणून काय झालं? चालता येत होतं त्यांना, पाय तर टाकला होता होडीत. आणि खलाशी कशाला असतात? त्यांनी बघायला हवं होतं. पेपरात गेलेल्यांचे फोटो छापून आले होते. तो पेपर मी न उघडताच इस्त्रीच्या टेबलावर अंथरायला दिला. बारीक छपाईने माझे डोळे दुखतात.

२२ नोव्हेंबर, शनिवार

उद्या कुणीतरी यायचंय. हिने पैलवानाला सांगितलं, पैलवानाने मला. आमच्या घरात आता असा कारभार चालतो. हिच्याबरोबर पाण्यात एक बाई होत्या, त्या गेल्या, त्यांचा मुलगा येणार आहे. मच्छीमारांकडून हिचा पत्ता मिळवला म्हणे. म्हणजे हिच्याबरोबर कुणी होतं हे मला आज कळलं, तेही इस्त्रीवाल्याकडून.

पैलवान म्हणाला, मालक, वहिनी म्हणाल्या, उद्या मालकांना मेहुण्यांकडे जेवायला पाठवता येईल का बघ. हे ऐकून मला तोंडात मारल्यासारखं झालं. मी कुठेही जाणार नाही. माझ्या घरी माणूस दुःखात येतो आणि मी बाहेर जेवायला जाऊ?

२३ नोव्हेंबर, रविवार

लिहितो. जसं झालं तसं लिहितो.

मुलगा म्हणजे पोरगा नाही, चाळिशीचा गृहस्थ. शाळेत चित्रकला शिकवतो. नखांत निळा रंग होता. दुपारी आला, बिस्किटांचा पुडा घेऊन. मी गार पडतंय म्हणून स्वेटर घालून बसलो होतो, तोच, मोहरी. ही चहा टाकून बाहेर आली, माझ्याकडे एकदा पाहिलं आणि त्याच्यासमोर बसली.

तो फार सभ्यपणे बोलत होता. आई नर्स होती, निवृत्त झाल्यावर पहिल्यांदाच एकटी कुठे गेली होती. आईला शेवटी त्रास झाला का, ती एकटी होती का, हे त्याला विचारायचं होतं. ही बोलायला लागली. मी बघतच राहिलो. किती दिवसांनी मी हिचा आवाज सलग ऐकत होतो. एकट्या नव्हत्या, म्हणाली, आम्ही दोघी एकत्र उभ्या होतो, एकत्रच घसरलो. तुमचं बोलत होत्या. तुमच्या मुलांना कुल्फी फार आवडते असं सांगत होत्या. त्रास नाही झाला, दमल्या आणि झोपल्यासारख्या झाल्या. तो मान हलवत ऐकत होता आणि गालांवरून पाणी वाहत होतं.

मग त्याने फोन काढला. कुणी प्रवाशाने घेतलेला व्हिडिओ त्याला कुणीतरी पाठवला होता. जेमतेम दिसत होतं. तो म्हणाला, ही बघा, ही आई. होडीच्या अगदी तोंडाशी आहे. पाय पण आत टाकलाय. मग मागे का आली? मी हे किती वेळा पाहिलं असेल. घाबरून मागे येणाऱ्यातली नव्हती ती. का आली असेल?

ही म्हणाली, "होडी भरली होती. जागाच नव्हती."

आता माझं काय झालं ते मलाच सांगता येत नाही. मला वाटलं, हिला बिचारीला माहीत नाही, ही तर तेव्हा खाली खोलीत होती. एखाद्याला आपल्या आईबद्दल चुकीचं कशाला कळावं. मी म्हटलं, नाही नाही, भरली नव्हती.

ही म्हणाली, "अहो."

एवढ्या दिवसांनी. मी मान वळवली आणि ही सरळ माझ्याकडे बघत होती. माझ्या छातीत असं काही भरून आलं की विचारू नका. "अहो, चहा बघा ना आतला, उतू जाईल," म्हणाली. मी अर्धा उठलो. उठलो ते उठलो, गप आत जायचं ना? पण मला एवढा आनंद झाला होता की मी पुन्हा बसलो आणि हिची समजूत घालावी तसं म्हटलं, अगं होईल चहा, तू नव्हतीस तिथे, मी होतो. एक जागा होती. मीच धरून ठेवली होती, तुझ्यासाठी, हा स्वेटर ठेवून. एक बाई आल्याही होत्या, त्यांना मी सांगितलं की इथे माणूस येतंय, काठी होती त्यांच्या हातात आणि चष्मा...

इथे माझा मला आवाज ऐकू आला.

आत चहा उतू गेला. जळका वास बाहेरपर्यंत आला तरी कुणी उठलं नाही. त्याने फोन उलटा करून मांडीवर ठेवला. बराच वेळ माझ्या स्वेटरकडे बघत होता. मग विचारलं, "ती काय म्हणाली?"

मी म्हटलं, "बरं बरं, म्हणाल्या."

तो म्हणाला, "हो. तसंच म्हणायची."

मग तो उठला, बूट घातले, नाड्या बांधल्या. हिचे दोन्ही हात धरून म्हणाला, तुम्ही होतात तिच्याजवळ, बरं झालं. मला काही बोलला नाही. शिवी दिली असती तरी चाललं असतं. मारलं असतं तरी मी हात वर केला नसता. येतो, म्हणाला आणि गेला.

२४ नोव्हेंबर, सोमवार

दुकान उघडलं. काही सुचत नाही.

फोनमधली ती बाई डोळ्यांसमोरून हलत नाही. मी तर तिला नीट पाहिलंही नव्हतं. माझं सगळं लक्ष हिच्या वाटेकडे होतं.

२६ नोव्हेंबर, बुधवार

पैलवानाला ताप, म्हणून आला नाही. हॉटेलच्या चादरी संध्याकाळी द्यायच्या होत्या. एकटीला घडी घालता येत नाही. हिने बराच वेळ प्रयत्न केला, हनुवटीखाली धरून वगैरे, मग दोन टोकं माझ्याकडे पुढे केली. मी धरली. अशा बऱ्याच चादरी झाल्या. लांब जायचं, ताणायचं, जवळ यायचं. मग मध्येच, टोकं हातात असताना, हिने बोलायला सुरुवात केली. माझ्याकडे न बघता, चादरीकडे बघून.

"मी गोळ्या घेऊन वर आले तर होडी गेली होती. त्या कठड्याला धरून उभ्या होत्या. मला म्हणाल्या, घाबरू नका, दुसरी येईल. मग आम्ही बोलत होतो. म्हणाल्या, आत्ता गेली त्या होडीत एक गृहस्थ होते, मोहरीच्या रंगाचा स्वेटर ठेवून बायकोची जागा धरून बसले होते. होडी सुटली तेव्हा केवढे ओरडत होते. म्हणाल्या, वाईट वाटलं हो त्यांचं." हिने चादर ताणली. "तुमचं वाईट वाटलं त्यांना."

मी विचारलं, तू सांगितलंस, मी कोण ते?

"नाही सांगितलं."

मी म्हटलं, लाज वाटली असेल माझी. तसं म्हणताना मला वाटलं, निदान एवढं तरी माझ्या वाट्याला यावं.

"नाही हो," ही म्हणाली. "लाज नंतर वाटली. तेव्हा मला बरं वाटलं. सगळं बुडत होतं आणि मला वाटलं, माझी जागा धरलीय माझ्या माणसाने. त्या तिथेच शेजारी उभ्या, काठीवर भार टाकून, आणि मी मनातल्या मनात खूश होते. पाण्यात त्यांनी माझा दंड धरला तेव्हा मला कळलं मी काय करत होते. मी हात सोडवून घेतला नाही त्यांचा. त्यांचाच सुटला. पण त्याआधी मी खूश होते. हे मी कुणाला सांगू? तुम्ही रोज सांगता आणि लोक मला म्हणतात, भाग्य लागतं."

मला वाटत होतं ही माझ्यावर रुसलीय. रुसवा असता तर काढला असता. आयुष्यभर काढत आलोय. हिला माझ्याकडे बघवत नाही कारण माझ्याकडे बघितलं की हिला स्वतःला बघावं लागतं. आणि मी मलम लावून देऊ का म्हणून विचारत होतो.

मी म्हटलं, यापुढे ती गोष्ट मी कुणाला म्हणजे कुणालाही सांगणार नाही.

"का?" ही म्हणाली. "सांगा की. इतके दिवस सांगत होतात. आता पूर्ण सांगा. त्या कुठे गेल्या तेही सांगा, मी काय केलं तेही सांगा. टोकं जुळवा, हॉटेलवाला येईल."

उरलेल्या चादरींच्या घड्या घातल्या.

३० नोव्हेंबर, रविवार

ही आता बोलते माझ्याशी. जेवण वाढलंय, दिवा घालवा, पैलवानाला औषध नेऊन द्या. मला हेच हवं होतं ना? आता बोलली की मी दचकतो.

दुपारी मुलीला फोन करून सांगितलं की तू विचारलंस ते बरोबर होतं. ती रडायला लागली आणि म्हणाली, बाबा, तुम्ही मुद्दाम थोडंच केलं. मी म्हटलं, नाही, मुद्दामच केलं. रागाने नाही, भीतीने नाही, अगदी विचार करून जागा धरली. तीस वर्षांत इतकी चांगली जागा कधी मिळाली नव्हती.

चित्रकलेच्या मास्तरांना फोन करावा असं रोज मनात येतं. करून बोलू काय? माफ करा म्हणावं तर तेही आईसारखंच 'बरं बरं' म्हणाले म्हणजे? तेवढं ऐकायची माझी ताकद नाही.

३ डिसेंबर, बुधवार

आज बँकेतल्या बाई लोकरी कोट घेऊन आल्या. कोट काउंटरवर ठेवला आणि आवाज खाली आणून विचारलं, तुम्ही त्या जहाजावर होतात ना? त्याच त्या? मी हिच्याकडे पाहिलं. ही कोटाचे खिसे तपासत होती, नेहमीसारखी, लोक खिशात काय काय विसरतात. मान वर केली नाही, पण हात थांबले होते.

मी सांगितलं. पहिल्यापासून. स्वेटर, आडदांड माणूस, काठी, 'इथे माणूस येतंय', 'बरं बरं'. मग जे इतके दिवस कधी सांगितलं नव्हतं ते. त्या बाई मागे जाऊन कुठे उभ्या राहिल्या, कुणाबरोबर उभ्या राहिल्या, काय बोलल्या, कशा गेल्या. माझ्या शेजारची जागा तेव्हा रिकामीच होती, होडी किनाऱ्याला लागेपर्यंत रिकामी होती, हेही सांगितलं. ही त्यांच्या शेजारी उभी राहून मनात खूश होती तेही सांगितलं, हिच्यासमोर. सांगून झाल्यावर मी काउंटरला दोन्ही हातांनी धरून उभा राहिलो. म्हटलं, आता या बाई कोट उचलतील आणि बाहेर पडतील. पडाव्यात. मला तेच हवं होतं.

बाईंच्या डोळ्यांत पाणी होतं. त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "तुमची काय चूक हो त्यात? आपल्या माणसाचं आधी बघायचंच असतं. आमच्या ह्यांनी मागे वळूनसुद्धा पाहिलं नसतं." मग हिच्याकडे वळून म्हणाल्या, "वहिनी, आणि तुम्हीही मनाला लावून घेऊ नका. नशीब काढलंत तुम्ही."

हिने कोटाला चिठ्ठी टाचली, पावती फाडून दिली आणि शनिवारी या म्हणून सांगितलं. बाई गेल्या. मी वाट बघत होतो की ही काहीतरी बोलेल. ही कोट हँगरला लावत होती. दारात एक गृहस्थ शर्टांचं गाठोडं घेऊन उभे होते, नवीनच होते, मी कधी पाहिले नव्हते.

"यांनाही सांगा," ही म्हणाली.

सांगितलं. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं, गाठोडं खाली ठेवलं आणि माझ्या खांद्यावर थोपटून म्हणाले, तुम्ही बरोबरच केलंत.